मोजून दिलेली माणसं

डोंगरात माणसं मोजून देतात आणि मोजून घेतात. कापूस फुटला की तापीकाठचा शेतकरी जामपाणीला चढायचा, कारभाऱ्याच्या अंगणात भाकर खायचा, आणि कारभारी एकेकाचा हात धरून त्याच्या हातात द्यायचा. मध्ये कागद नाही की अंगठा नाही. जितके हात दिले तितके हंगाम सरल्यावर शिवेवर आणून परत द्यायचे, आणि ज्याने नेले त्यानेच आणायचे. एखादा हात कमी असला तर तो का कमी, हे नेणाऱ्याने चारचौघांत उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायचं. कायदा म्हणाल तर एवढाच. कुसुमखेड्याच्या पितांबरला तो पाठ होता. पाठ नसता तर त्याला पुढे एवढं लागलंही नसतं.

अकरा वर्षांपूर्वी जामपाणीच्या वाहरू कारभाऱ्याने पितांबरच्या हातात सात हात दिले होते. वाहरूचा धाकटा भाऊ धनसिंग, त्याची बायको कमली, दोन दुसरी जोडपी, आणि सातवी वाहरूची पोरगी रूपली. पंधरा वर्षांची असेल. कापूस संपला तेव्हा पितांबरनेच त्यांना थांबवलं होतं. त्याने नुकतीच केळी लावली होती आणि केळीला बारमाही पाणी लागतं. "तुम्ही आठेच ऱ्हा," तो म्हणाला होता, "नदीना काठले झोपड्या घाला, गायपेरमा टरबूज लावा, आमनं काम करा." माणसं राहिली. तीन झोपड्या उभ्या राहिल्या, आणि पूर ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळात, म्हणजे गाळपेरात, टरबुजं लागली.

दुसऱ्या वर्षी वैशाखात धनसिंग तापाने पडला होता. पितांबरने रूपलीला केळीत पाणी फिरवायला पाठवलं. तिथं तिला पान लागलं, साप चावला. दुपार व्हायच्या आत पोरगी गेली. नदीकाठी करंजाच्या झाडाखाली तिला पुरलं तेव्हा मातीची पहिली मूठ पितांबरने टाकली होती. एका गुराख्याकडून त्याने जामपाणीला निरोप पाठवला आणि स्वतः महिन्याभरात जाऊन येऊ असं ठरवलं. त्या महिन्याला दहा वर्षं झाली. माणूस वाईट नव्हता, पण तोंड चुकवण्याची सवय एकदा लागली की ती विडीपेक्षा वाईट.

आता महाराष्ट्र होऊन वर्ष उलटलं होतं. गावात ग्रामपंचायत आली, तापीवर तेलाची इंजिनं आली, आणि ज्या गाळाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं त्या गाळाला भाव आला. सरपंच रतिलाल सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेल्या घोडीवर बसून रोज नदीकाठ बघून येई. त्याच्या डोळ्यांत त्या तीन झोपड्या कुसळासारख्या सलत होत्या. पंचायतीने ठराव केला की जामपाणीची माणसं जामपाणीला परत जावीत, आणि खात्या कोतवालाला कारभाऱ्याकडे धाडलं की बाबा, तुझी माणसं घेऊन जा.

खात्या तिसऱ्या दिवशी परतला. चावडीत जाण्याआधी तो पितांबरला विहिरीवर भेटला. पाय धुतले, ओंजळीने पाणी प्याला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "नाना, वाहरू नही म्हनस. पन आखो एक सांगेल शे. म्हने, पितांबरभाऊनी नेल्यात, त्यानीच आनी देवाले जोयजे. तो शिववर उभा ऱ्हायना का बठ्ठास्ले मी घरमा ली लेसू."

पितांबरच्या हातातला दोर थांबला. तो शिवेवर उभा राहिला तरच वाहरू सगळ्यांना घरात घेणार होता. शिवेवर उभं राहायचं म्हणजे सात हातांचा हिशेब द्यायचा. सहा हात द्यायचे आणि सातव्याबद्दल बोलायचं, तेही तिच्या आईसमोर.

"हाई पंचमा नको सांगू," तो म्हणाला. "नही म्हनस, एवढंच सांग."

खात्याने त्याच्याकडे पाहिलं. मग मान हलवली. कोतवालाला मान हलवण्याचाच पगार असतो.

चावडीत खात्याने तेवढंच सांगितलं. रतिलाल भडकला. "झोपड्या पेटाडी देऊत का मंग?"

"अन् फौजदार उना तर?" कोणीतरी म्हणालं. "आपलेच बांधी लयी जाई."

तेवढ्यात पितांबरला सुचलं. कोणी विचारलं नव्हतं. गप्प राहिला असता तरी चाललं असतं. पण आपल्यालाच डोंगर चढावा लागू नये म्हणून माणूस काय काय शोधून काढतो!

"झोपडीले हात कसाले लावतस?" तो म्हणाला. "नाक दाबं का तोंड आपेआप उघडस. जामपानीना मानूसले बजारमा बसू देवानं नही. त्यास्नी चारोयी कोनी लेवानी नही, त्यास्ले मीठ कोनी देवानं नही. अन् कापूसनी चिठ्ठी बी देवानी नही. दोन महिनामा वाहरू सोता खाले यी अन् भाऊले ली जाई."

चिठ्ठी म्हणजे पंचायतीच्या शिक्क्याचा कागद. ती ज्याच्याजवळ असेल त्या डोंगरातल्या माणसालाच गावाच्या शिवारात मुक्काम करता येई. ही नवी टूम त्याच साली निघाली होती. रतिलालने मांडीवर थाप मारली. "डोकं शे बुवा तुमनं, नाना!"

घरी जसोदाबाई चुलीपुढे होती. तिने सगळं ऐकलं आणि भाकर परतता परतता विचारलं, "कोनी सुचाडं हाई?"

"पंचनी ठरायं."

"पंचमा तुम्हीबी व्हतात ना?"

पितांबर जेवायला बसला. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि ते त्याला जास्त जड गेलं.

नाक दाबलं खरं, पण पहिला जीव गुदमरला तो कुसुमखेड्याचाच. कापूस फुटून रानं पांढरी झाली आणि वेचायला माणूस नाही. जामपाणीला चिठ्ठी नव्हती, आणि आज त्यांना नाही तर उद्या आपल्यालाही नाही म्हणतील या भीतीने बाकीचे पाडेही खाली उतरले नाहीत. सुक्याबरोबर ओलं जळतं ते असं. मार्गशीर्ष गेला, पौष उजाडला. पितांबर आणि जसोदाबाई कमरेला ओटी बांधून स्वतः सरीत उतरले. शेजारच्या सरीत धनसिंग आणि कमली. सुकलेल्या बोंडांची टोकं नखांच्या मुळाशी घुसत. पितांबरची बोटं चौथ्या दिवशी फाटली. संध्याकाळी जसोदाबाई त्यांना तेल चोळी आणि सकाळी ती पुन्हा उले. पंचावन्न वर्षांची कंबर दुपारनंतर सरळच व्हायला मागत नसे.

"नाना," कमली एकदा वेचता वेचता म्हणाली, "जामपानीना वीस जन उना असतात तर आते लगून कापूस घरमा ऱ्हाता."

पितांबरने पुढच्या बोंडाला हात घातला.

धनसिंग ओटी सोडून त्याच्याजवळ आला. धनसिंगचे केस आता पांढरे व्हायला लागले होते. ते या रानातच पांढरे झाले होते. "आमले जावानं नही शे, नाना," तो म्हणाला. "मन्हा पोरं आठे जनमनात. पन जावानंच व्हयी तर तू चाल संगे. एक दाव चाल. वाहरू तुले खाई थोडाच?"

"कापूस सरू दे," पितांबर म्हणाला. "मंग देखूत."

धनसिंगने मान हलवली आणि तो सरीत परत गेला. बापड्याला वाटलं, नाना कापसाचंच बोलतोय.

कापूस सरला. अर्धा वेचला, अर्धा वाऱ्याने आणि गुरांनी नेला. पितांबरने डोंगराकडे पाहिलंसुद्धा नाही. होळीला धनसिंग काठी गावाला जाऊन आला. सगळ्या डोंगराची माणसं त्या होळीला जमतात, त्याला तिथं भाऊ भेटेल अशी आशा होती. परतला तेव्हा त्याच्या पायांतले घुंगरू काखोटीला होते आणि चेहरा उतरला होता.

"वाहरू दिसना का?" जसोदाबाईने विचारलं.

"दिसना. मी हात कया." धनसिंग ओट्यावर टेकला. "त्यानी देखं. पन बोलना नही. शिववर मोजेल नही तो मानूस गावना नही, माय. त्यानासंगे कसा बोली तो?" मग घुंगरू खाली ठेवत म्हणाला, "त्यास्ना गावमा मीठ नही. धडगावना बजारले दोन मुक्काम करी जातस. तठे चारोयीले अर्धाच भाव देतस. म्हतारास्ना पाय सुजनात."

"का बरं करतस असं ह्या लोके?" जसोदाबाई म्हणाली आणि नवऱ्याकडे बघितलं. पितांबर वळईवरचा चारा उगाचच इकडचा तिकडे करत होता.

वैशाख लागला आणि चारोळी पिकली. चारोळी घरात ठेवून चालत नाही, किडते. बाजाराच्या दिवशी सकाळी पितांबर नाल्याकडे गेला तर पलीकडच्या काठावर डोंगरातल्या पाच-सहा बायका उभ्या होत्या. डोक्यावर टोपल्या, पायांत धूळ. नाल्याच्या मधोमध खात्या काठी आडवी धरून उभा. पुढची बाई वाळलेली, उंच, कपाळावर गोंदण. पितांबरने तिला लगेच ओळखलं. ती वाहरूची बायको रेवाबाई. अकरा वर्षांपूर्वी तिच्याच चुलीवरची भाकर खाऊन त्याने तिची पोरगी नेली होती.

"माय, माघारी फिर," खात्या विनवत होता. "माले तसं सांगेल शे."

"मी काही मांगाले नही उनू रे बापू," रेवाबाई म्हणाली. "चारोयी इकसू, मीठ लेसू, चालनी जासू."

"चिठ्ठी शे का तुन्हापान?"

"मीठले चिठ्ठी लागस का?"

एवढ्यात बाजाराकडून कमली पळत आली. तिने ओच्यात मीठ बांधून आणलं होतं, दोन-तीन शेर असेल. ती खात्याच्या बाजूने नाल्यात उतरून पलीकडे जायला निघाली. वरच्या काठावर रतिलाल घोडीवर बसून बघत होता. त्याने हाक मारली तेव्हा खात्याने कमलीचा ओचा धरला. त्याला ओढायचं नव्हतं, थांबवायचंच होतं. पण लुगडं जुनं, ते फाटलं. खडे मीठ नाल्याच्या वाळूत सांडलं.

रेवाबाईने टोपली उतरवून बाजूला ठेवली आणि उकिडवी बसून वाळूतले खडे वेचायला लागली. एक एक खडा उचलायची, फुंकर मारायची, पदरात टाकायची. मागच्या बायकाही बसल्या. कमली फाटलं लुगडं आवळून धरून तिथंच रडत उभी राहिली. खात्या काठी टाकून नाल्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाठमोरा उभा राहिला.

पितांबर बाभळीच्या आडोशाला होता. जावं की थांबावं हे त्याला ठरवता येईना, आणि तेवढ्यात रेवाबाईने मान वर केली. तिला तो दिसला. बाई शिव्या देईल असं त्याला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पितांबरभाऊ," ती म्हणाली, "बरा शे ना?"

"हा," तो म्हणाला. त्या क्षणी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तो नाल्यात उतरला नाही. रतिलाल वर होता, आणि आपणच सुचवलेलं आपणच कसं मोडावं, एवढाच विचार त्याच्या मनात आला. त्याची लाज त्याला पुढे कायम वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनसिंग ओट्यासमोर उभा राहिला. रोज तो पायरीवर बसायचा, आज बसला नाही.

"नाना, आमी जातस."

"कथा?"

"जामपानीले. आमना तीन चुल्हासाठे तठे साठ चुल्हास्मा मीठ नही. आते आमले आठली भाकर गोड लागत नही." त्याने नदीकडे पाहिलं. "कमलीनी रातभर डोयाले डोया लावा नही. तू चाल संगे. आते तरी चाल."

पितांबरने जसोदाबाईकडे पाहिलं. ती दारातच उभी होती. "जा," ती म्हणाली. "अन् तठे जाईसन खरं सांगज्यात. मी तुमले दहा साल कधी बोलनू नही. आते बोलस."

"चालस," पितांबर म्हणाला.

बातमी गावात फिरायला वेळ लागला नाही. रतिलाल घोडी घेऊन दारातच आला. "सुंठबिगर खोकला गया, नाना! फौजदार नही, मारामारी नही. तुमना तोडगा लागू पडना." मग खूश होऊन म्हणाला, "परमदिन सकायेच गायपेरवर नांगर घालतस. करंजनं झाड मधमा येस, ते बी तोडी टाकूत."

करंजाखाली काय आहे, हे पितांबरला त्याच वेळी सांगता आलं असतं. त्याने तोंड उघडलंही. पण रतिलाल हसत होता, आजूबाजूला चार माणसं होती, आणि आधी वरचं तर उरकू, मग आल्यावर बघू, असं त्याला वाटलं. कधी नव्हे तो तो डोंगर चढायला निघाला होता. एका वेळी एकच कठीण काम त्याच्याने होत असे, त्याला काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. तीन झोपड्यांचं सामान ते किती असणार? गोधड्या, दोन कुऱ्हाडी, जातं, सहा कोंबड्या. जात्याची वरची तळी धनसिंगने आणि खालची त्याच्या सोबत्याने डोक्यावर घेतली. कमली निघता निघता करंजाकडे वळली. जसोदाबाई तिच्यासोबत गेली. दोघी थोडा वेळ तिथं बसल्या. रोज सांजेला जेवणातला पहिला घास कमली तिथं ठेवून येत असे. त्या दिवशी तिने सकाळीच ठेवला. जसोदाबाईने तिला आपलं एक नवं लुगडं दिलं. कमलीने ते घेतलं, पण नेसली नाही.

वाट सगळी चढाची. ऊन असं की दगडावर पाय ठरेना. पितांबर गेल्या दहा वर्षांत एवढा चालला नव्हता. दुपारी त्याला धाप लागली तेव्हा धनसिंगने त्याला पळसाच्या सावलीत बसवलं, पानाच्या द्रोणात पाणी दिलं आणि स्वतःच्या पागोट्याने वारा घातला. ज्याला आपण हाकलून नेतोय तो आपल्याला वारा घालतोय, हे बघून पितांबरचे डोळे भरून आले. त्याने घाम पुसल्यासारखं केलं. मुक्काम एका पाड्याबाहेर पडला आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर जामपाणीची शीव आली.

शिवेवर शेंदूर लावलेला धोंडा आहे. त्याच्यामागे गाव जमलं होतं. डोंगरात माणूस पोचायच्या आधी बातमी पोचते. वाहरू पुढे उभा होता. तो फार म्हातारा दिसत होता. पायांना सूज होती, एका हातात काठी. राम राम झाला. पोरं बाजूला बसवली, कारण ती मोजून दिलेल्यांतली नव्हती. मग वाहरूने काठी धोंड्याला टेकवली आणि हात पुढे केला.

पितांबरने धनसिंगचा हात धरून त्याच्या हातात दिला. "एक," वाहरू म्हणाला. भावाचा हात त्याने क्षणभर जास्त धरून ठेवला आणि मग त्याला आपल्यामागे घेतलं. कमलीचा हात, दोन. मग दोन्ही जोडपी. "सहा," वाहरू म्हणाला, आणि त्याचा हात तसाच पुढे राहिला.

वारा पडला होता. पितांबरच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. दहा वर्षं ज्याच्यापासून तो पळत होता ते आता हातभर अंतरावर उभं होतं.

"सातवी रूपली," तो म्हणाला. "दुसरा साल वैशाखमा मी तिले केयीमा पानी फिराडाले धाडं. धनसिंगले ताप व्हता. तठे तिले पान लागनं. ती गयी." त्याने शेंदराच्या धोंड्याकडे पाहिलं. "मी सांगाले उनू नही. मन्ही हिंमत नही व्हयनी. अन् हाई बजार बंद करानं बी मीच सुचाडं. आठे येवाले नको म्हनीसन."

मागे बायकांमध्ये कुजबुज झाली आणि थांबली. वाहरूने हात खाली घेतला.

"माले मालूम व्हतं," तो म्हणाला. "गुराखीनी त्याच साल सांगं व्हतं."

"मंग तू..."

"तू सांगाले येशी म्हनीसन वाट देखी." वाहरूच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर पितांबरला त्याच्यासमोर वाकता तरी आलं असतं. "तू पहिलेच साल येता ना, तर आमी तुलेच धीर देतात."

पितांबर मान खाली घालून उभा राहिला. हे खरं आहे, हे त्याला कळत होतं. इतकं सोपं होतं ते. त्यासाठी साठ घरं अळणी जेवली, तीन घरं उठली, आणि एका आईला वाळूतलं मीठ वेचावं लागलं.

"बजार आते खुला व्हयी," तो कसाबसा म्हणाला. "मी गये का सांगस. तुमी या."

वाहरूने धोंड्याला टेकवलेली काठी उचलली.

मग बायकांतून रेवाबाई पुढे आली. तिने धनसिंगकडे पाहिलं, कमलीच्या डोक्यावरून हात फिरवला, बाजूला बसलेल्या पोरांना एकेक करून बघितलं. मग ती पितांबरसमोर आली.

"कोठे ठेयी तिले?"

"नदीवर. करंजना झाडखाले. धनसिंगनी झोपडी तठेच व्हती. कमली रोज तठे घास ठेये."

रेवाबाईने मान डोलावली. एवढं ऐकून तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. मग ती पुन्हा मागे वळली, धनसिंगला, कमलीला, दोन्ही जोडप्यांना आणि पोरांना तिने परत एकदा मोजल्यासारखं पाहिलं.

"पितांबरभाऊ," ती म्हणाली, "ह्या तर बठ्ठा आठे उनात. मंग तिनापान आते कोन शे?"

पितांबरने वर पाहिलं. ऊन चांगलं चढलं होतं. रतिलालने सांगितलेला परवाचा दिवस आजचाच. त्याचे बैल सकाळीच करंजाभोवतीच्या गाळपेरात उतरले असणार, आणि हे तिथं फक्त त्यालाच ठाऊक होतं.